साठ आकड्यांपर्यंत टिकणारं कुलूप

नळदुर्गला बसस्थानकाकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. रस्ता ओलांडला की समोर आयुबभाईंचं सायकल दुरुस्तीचं आणि किल्ल्या बनवायचं दुकान होतं. वर पत्रा, पुढे फळ्यांचा कट्टा, आत टांगलेल्या रिमा आणि ट्यूबा. त्या दुकानातून दिवसातून दोन-चार वेळा कुणीतरी मोठ्याने आकडे मोजत असल्याचा आवाज यायचा. नव्या माणसाला वाटायचं, आत पाढ्यांची शिकवणी चालली आहे.

ती कुलपाची परीक्षा असायची. सायकलच्या मागच्या चाकाला बसणारी गोल कुलपं आयुबभाई विकत, पण तपासल्याशिवाय एकही विकत नसत. गिऱ्हाईक आलं की ते कुलूप पाटावर ठेवायचे, डब्यातून एक वस्तू काढायचे आणि म्हणायचे, "मोजा." मोजायचं काम गिऱ्हाइकाचं. आपलं आपण मोजलं तर मन लबाडी करतं, असं त्यांचं म्हणणं. डब्यात असायची छत्रीची मोडकी काडी, चाकाचा ठोकून चपटा केलेला स्पोक, केसांची पिन, पत्र्याच्या डब्याच्या झाकणाची पट्टी. एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही तर किल्ल्या बनवणारे, तुमच्याकडे चांगली हत्यारं आहेत, मग हा भंगाराचा डबा कशाला?

"बाई, चोर हत्यारं घिऊन येत न्हाय," ते म्हणाले. "चोर रस्त्यावर पडलेलं उचलून येतो. म्हून म्याबी रस्त्यावरचंच घेतो."

साठ आकडे मोजून होईपर्यंत कुलूप उघडलं नाही तर ते पास. पण एकदाच नाही. लागोपाठ तीनदा. एकदा टिकणं नशीब, दोनदा टिकणं योगायोग, तिसऱ्यांदा टिकलं तर ते कुलूप, असा त्यांचा हिशेब होता. साठ झाले तरी ते थांबत नसत. उघडेपर्यंत काडी चालवायचे आणि कितव्या आकड्याला उघडलं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. पास झालेल्या कुलपाच्या पाठीवर कानशीने दोन बारीक रेघा मारायचे. साठच्या आत उघडलेली कुलपं गोणीत टाकून भंगारात द्यायचे. आसपासच्या खेड्यांतून शाळेला येणाऱ्या मुलींचे आईबाप दुकानात आले की बाकी काही बघत नसत, पाठ उलटी करून दोन रेघा बघत.

मी ते आकडे लिहून ठेवत असे. याचं कारण सांगायला हवं.

मी सोलापूरच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले, वसतिगृहात राहून. सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला रोज संध्याकाळी दैनंदिनी लिहायला बसवायच्या. त्यांचे दोन नियम होते. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहायचं, जे वाटलं ते लिहायचं नाही. आणि एकदा लिहिलेलं पान उलटून पुन्हा वाचायचं नाही, कारण ते आरशासमोर फार वेळ उभं राहण्यासारखं आहे. मी बाराव्या वर्षापासून गेल्या वर्षी शहात्तर पुरी होईपर्यंत हे दोन्ही नियम पाळले. दूध किती वाजता आलं, कुणाचं पत्र आलं, टपरीवर काय बोलणं झालं, समोरच्या दुकानात कितव्या आकड्याला कुलूप उघडलं. सगळं लिहिलं, कपाटात ठेवलं आणि मागे वळून पाहिलं नाही. याचा मला थोडा अभिमानही होता.

२००९ साली माझ्या यजमानांनी आयुबभाईंकडून कुलूप घेतलं. हे पाटबंधारे खात्यात होते. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी सायकलवरून कालव्याच्या बाजूने फेरी मारून यायचे. त्या दिवशी मीही दुकानात होते. ह्यांनी मोजणी केली, सावकाश, एकेका आकड्याला पुरता वेळ देत. आयुबभाई मान खाली घालून काडी फिरवत होते.

"ओव्हरशीर सायेब, थोडं पटपट मोजा की, माझी मान मोडली," ते म्हणाले.

"घाईनं मोजलं तर पाणी चोरीला जातं," हे म्हणाले आणि मोजत राहिले.

तिसऱ्या वेळेला कुलूप एकशे दहाव्या आकड्याला उघडलं. मी त्या दिवशीच्या पानावर लिहिलं, ११०.

तेव्हापासून एक रीत पडली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आयुबभाई आमच्या व्हरांड्यात यायचे. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सायकलची पूजा असायची, म्हणून आधी ती धुऊन, तेल घालून, चाकं सरळ करून द्यायचे. शेवटी कुलपाची परीक्षा, तीच तीन वेळा. मोजायचे हे. मग चहा आणि बशीत दोन कडाकण्या. मजुरी घ्यायचे नाहीत. "सणाला काय मजुरी," एवढंच म्हणायचे.

हे २०१४ च्या मार्चमध्ये गेले. त्या वर्षी खंडेनवमी येईल आणि जाईल, असं मी धरून चालले होते. सायकल व्हरांड्यात कुलूप लावून तशीच उभी होती, किल्ली मी कपाटात ठेवली होती. पण आदल्या दिवशी सकाळी फाटक वाजलं आणि आयुबभाई तेलाची बुधली घेऊन आत आले. खाली बसले, सायकल धुतली, तेल घातलं. मग डबा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, आता तुमी मोजा."

त्या वर्षापासून मी मोजू लागले. माझा आवाज पहिल्या वर्षी तीसच्या पुढे जाईना. ते काडी धरून थांबले. मी डोळे पुसून पुन्हा एकतीसपासून सुरुवात केली. ऐंशी.

त्यानंतर आकडा दरवर्षी खाली येत गेला आणि आयुबभाई दरवर्षी खूश होत गेले. मीही त्यांच्याबरोबर खूश होत गेले. चौसष्ट झाले तेव्हा म्हणाले, हात बसलाय. एकोणपन्नास झाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"एकोणपन्नास, बाई. सत्तरी आली, पण हात अजून तयार हुतोय."

त्यांच्या बरोबर आलेल्या त्यांच्या बायको जमिलाबी फाटकाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चहाची बशी धरवत न्हाई. काल अर्धा चहा लुंगीवर सांडला. आन् म्हणे हात तयार."

"बशी आन् कुलूप एक हाय का?"

"न्हाई, बशी सोपी हाय."

आम्ही तिघंही हसलो. ते मीही लिहिलं आहे.

आता मला कळतं की तो आकडा त्यांना का हवा असायचा. त्यांचे हात थरथरायला लागले होते. ट्यूबला पंक्चरचा तुकडा चिकटवताना ते मनगट गुडघ्यावर टेकवायचे. स्पोक बसवायला पूर्वी दहा मिनिटं लागायची, आता अर्धा तास लागायचा. दिवसभर शरीर त्यांना सांगत असायचं की आता पुरे. फक्त कुलूप सांगायचं की अजून नाही. आणि ही गोष्ट केवळ माझ्या व्हरांड्यात घडत नव्हती. दर जूनमध्ये शाळा सुरू होताना मुली त्यांच्याकडे कुलपात तेल घालायला यायच्या, फुकट. ते प्रत्येकीचं कुलूप पुन्हा तीनदा तपासून द्यायचे. आकडा साठच्या खाली आला तरी कुलूप एकदा पास झालेलंच, आपला हात सुधारला, एवढाच अर्थ ते काढायचे. मधल्या काळात कुणी नवं गिऱ्हाईक शंका घेऊन आलं तर एखाद्या मुलीची उभी सायकल ओढून तिच्याच कुलपावर दाखवायचे. "बघा, आकरावीतल्या पोरीचं हाय, चार वर्सं झाली."

२०२४ च्या जुलैमध्ये पंधरा दिवसांत तीन सायकली गेल्या. एक शिकवणीच्या वर्गाबाहेरून, एक भाजीबाजारातून, एक देवळासमोरून. तिन्ही शाळेतल्या मुलींच्या, तिन्हींना आयुबभाईंचं कुलूप. बाजारात तर चार सायकली ओळीने उभ्या होत्या आणि नेमकी दोन रेघांचीच गेली. तिसरी सायकल धान्याचे व्यापारी बंडप्पा यांच्या नातीची, वैष्णवीची होती. तेवढी एक सापडली. हैदराबाद रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे कुणीतरी टाकून दिली होती, चेन तुटली म्हणून असेल. कुलूप चाकाला जागच्या जागी होतं. उघडं. त्यावर एक ओरखडा नव्हता.

बंडप्पा ती सायकल हातात धरून आयुबभाईंच्या दुकानात आले. मी व्हरांड्यात बसले होते. आवाज चढला नव्हता, पण रस्त्यावरची माणसं थांबायला लागली, म्हणून मीही उठून पलीकडे गेले.

"आयुब, मी भांडायला आलो न्हाई," बंडप्पा म्हणत होते. "एकच सांग. साठ आकड्याच्या आत तुझं कुलूप उघडत न्हाई म्हंतोस ना?"

"व्हय, आप्पा."

"भर दुपारी, देवळासमोर, माणसं येता-जाता. साठ आकडे तिथं बसून कोण काडी फिरवील? म्हंजे झटक्यात उघडलं. तू सोडून असा हात कुणाचा हाय नळदुर्गात?"

आयुबभाई सायकलचं उघडं कुलूप बघत राहिले.

"तूच म्हंतोस हात तयार झालाय. टपरीवर सांगतोस. आता मी काय समजायचं?"

टपरीवाला अक्रम कप विसळता विसळता म्हणाला, "आप्पा, चाचांचं वय बघा की. सायकल चोरून ते नेतील कशी, खांद्यावर?"

दोघं-चौघं हसले. बंडप्पा हसले नाहीत. "नेणारा दुसरा असंल," ते म्हणाले. "उघडणारा कोण, ते मी इचारतोय." मग मला बघून म्हणाले, "अक्का, तुमी सांगा. माझं चुकतंय का?"

त्यांच्या बोलण्यात खोट कुठे होती ते मला दिसत नव्हतं. एक तर कुलूप कच्चं होतं, नाही तर माणूस. आणि दोन्हीवर नाव एकाच माणसाचं होतं.

दुसऱ्या दिवशी एक हवालदार येऊन चार प्रश्न विचारून गेला आणि काड्यांचा डबा घेऊन गेला. संध्याकाळी डबा परत आला. पण त्या आठवड्यात दुकानातून मोजण्याचा आवाज एकदाही आला नाही.

शुक्रवारी आयुबभाई माझ्याकडे आले. व्हरांड्यात बसले नाहीत, पायरीवर उभे राहिले.

"बाई, तुमच्या वहीत आकडे हायेत ना?"

"आहेत."

"पंधरा वर्सांचे?"

"जेवढे मी ऐकले तेवढे सगळे आहेत."

"मग तेवढं काढून द्या. कुलूप साठच्या पुढं टिकतं एवढं लोकांस्नी दिसू द्या. पुढचं अल्ला बघंल. चोर म्हणाले तर म्हणू द्या, बाई, चार दिवसांत चोर घावंल. पर कुलूप कच्चं इकलं म्हणाले तर त्ये मेल्यावरबी पुसत न्हाई. म्या जबान दिलीया पोरींच्या आईबापांस्नी."

मी हो म्हणाले. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा मी जुन्या वह्या वाचायला काढल्या.

तीन दुपारी मी त्या कामाला बसले. एका कोऱ्या कागदावर एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात कुणाचं कुलूप, तिसऱ्यात आकडा. पहिल्या दुपारी मला समाधान वाटत होतं, कारण नव्या कुलपांचे आकडे खरंच चांगले होते. नव्वद, शहाऐंशी, एकशे चार. दुसऱ्या दुपारी मी एकाच कुलपाचे आकडे एकाखाली एक लिहायला घेतले. एका मुलीचं कुलूप पहिल्या वर्षी ब्याण्णव, पुढच्या जूनला एकाहत्तर, त्याच्या पुढच्या जूनला अडतीस. दुसऱ्या मुलीचंही तसंच. तेव्हाही माझ्या मनात आलं की मुली रोज किल्ली लावतात, कुलूप झिजणारच.

तिसऱ्या दुपारी मी आमच्या सायकलचा रकाना लिहिला. एकशे दहा, एकशे आठ, एकशे पाच, एकशे दोन, सत्त्याण्णव, एक्याण्णव. मग हे गेले. ऐंशी, बाहत्तर, चौसष्ट, सत्तावन्न, एकोणपन्नास, पंचेचाळीस, एकेचाळीस, चौतीस, अठ्ठावीस, एकोणीस.

मी पेन खाली ठेवलं. हे गेल्यानंतर त्या कुलपात किल्ली गेलीच नव्हती. किल्ली माझ्या कपाटात होती. सायकल दहा वर्षं व्हरांड्यात उभी होती, तिला पाऊस लागला नव्हता, धूळ मी स्वतः पुसत होते. त्या दहा वर्षांत कुलपाच्या आत एकच गोष्ट गेली होती. दर वर्षी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, तीन वेळा, आयुबभाईंची काडी.

त्यांचा हात तयार होत नव्हता. कुलूप ढिलं होत होतं. तपासल्यामुळेच.

आणि हे सगळं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी मी एकदा पानं उलटली असती तर मला दिसलं असतं. मी लिहिण्यात चूक केली नाही, एक दिवसही चुकवला नाही, आणि त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही. सिस्टर बेनेडिक्टांना मी दोष देत नाही. त्यांनी बारा वर्षांच्या मुलीला सांगितलं होतं. मी ते म्हातारपणीही धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन दुकानात गेले. आयुबभाईंना मराठी वाचता यायचं, पण मी वाचून दाखवलं. मुलींची कुलपं आधी, आमचं शेवटी. आमचे आकडे ऐकताना ते माझ्या तोंडाकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होते.

मी वाचून संपवलं तेव्हा त्यांनी हात लुंगीला पुसले. मग उठले, आतून दोन रेघांचं एक जुनं कुलूप आणलं, पान्याने ते फोडलं आणि आतल्या, कुलूप अडवून धरणाऱ्या पितळी पत्त्या तळहातावर घेऊन उजेडात धरल्या. पत्त्यांच्या कडा गोल झाल्या होत्या आणि एक स्प्रिंग कडेला वाकून बसली होती.

"किल्लीनं अशी कड जात न्हाई," ते म्हणाले. "काडीनंच जाती." थोड्या वेळाने म्हणाले, "एकोणीस."

"आयुबभाई, हा कागद कुणी पाहिलेला नाही," मी म्हणाले. "मी तो फाडते. चोर सापडेल आज ना उद्या."

"आन् पोरींच्या सायकली?"

मी कागदाची घडी घातली.

"अजून पन्नासेक पोरींच्या चाकाला माझं कुलूप हाय. वर दोन रेघा. चोराला काय वळखायचं त्ये म्याच कानशीनं लिवून ठिवलंय." ते पत्त्या एका कागदात बांधायला लागले. त्यांना गाठ मारता येत नव्हती, म्हणून मी मारून दिली. "रविवारी शाळेच्या मैदानावर बोलवा सगळ्यांस्नी. मोजायला तुमी या."

रविवारी, सकाळी दहा वाजता, मैदानावर शंभरेक माणसं आली. एका बाकावर दोन कुलपं ठेवली होती. एक खोक्यातून नुकतंच काढलेलं, कुणीही न तपासलेलं. दुसरं ढाब्यामागे सापडलेल्या सायकलचं, वैष्णवीचं.

आयुबभाईंनी आधी नवं कुलूप घेतलं. मी मोजायला सुरुवात केली. साठ झाले, शंभर झाले. त्यांच्या हातातली काडी कुलपाच्या भोकावर टकटक वाजत होती, कारण हात थरथरत होता आणि आता तो लपवायला जागा नव्हती. एकशे चाळीसला काडी खाली पडली. ती उचलायला कुणीतरी वाकलं, पण त्यांनी हाताने नको म्हटलं.

"न्हाई उघडत," ते म्हणाले. "हे चांगलं कुलूप हाय. म्या अजून याला हात लावलेला नव्हता."

मग त्यांनी दुसरं कुलूप वैष्णवीपुढे धरलं. "पोरी, डोक्याची पिन काढ. जशी जमंल तशी फिरव."

वैष्णवीने आजोबांकडे पाहिलं. बंडप्पांनी मान हलवली. तिने पिन काढली, एक बट कपाळावर आली, ती तिने मागे सारली. मी मोजू लागले. त्या पोरीने आयुष्यात कधी कुलूप काडीने उघडलं नव्हतं. अकराव्या आकड्याला ते उघडलं.

ती घाबरून मागे सरकली, जणू तिनेच काही मोडलं होतं. आणखी दोन मुलींनी आपापल्या सायकली पुढे आणल्या. चौदा. नऊ. मला पुढे मोजवेना.

आयुबभाईंनी लोकांना सगळं सांगितलं. तीनदा तपासायची रीत, जूनची तपासणी, कागदातल्या पितळी पत्त्या. माझ्या वहीतले आकडे त्यांना पाठ झाले होते. एकही कमी करून सांगितला नाही.

बंडप्पा पुढे आले. "म्हंजे तू न्हाईस, आयुब," ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "मी वंगाळ बोललो."

"म्या न्हाई कसा, आप्पा? उघडलं चोरानं असंल. ढिलं म्याच केलंय."

पुढचे दोन महिने ते खेड्यांत फिरले. पन्नासेक कुलपं बदलून दिली. नवं कुलूप खोक्यातून काढायचे, चाकाला बसवायचे, किल्ली मुलीच्या हातात द्यायचे. कुणी म्हणालं, "चाचा, मोजू का?" तर मान हलवायचे. पाठीवर रेघा मारत नसत. आणि रेघा नसलेलं कुलूप त्यांच्याकडून कोण घेणार? जी माणसं दोन रेघा बघून यायची ती आता दुसरीकडे जाऊ लागली. मैदानावर जे घडलं त्याचं लोकांनी स्वतःपुरतं लहान वाक्य करून टाकलं होतं. आयुब मिस्त्री चोर नव्हता, पण त्याची कुलपं कच्ची होती. अक्रमच्या टपरीवर मी हे वाक्य दोनदा ऐकलं, बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. चोर कधीच सापडला नाही.

त्या वर्षीही खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते आले. बरोबर एक नवं कुलूप होतं, खोक्यातलं. सायकल धुतली, तेल घातलं आणि म्हणाले, "बाई, हे बदलू का?"

"राहू द्या," मी म्हणाले. "ते ह्यांनी मोजून घेतलेलं आहे."

त्यांनी नवं खोकं बाजूला ठेवलं. पण उठले नाहीत. सायकलच्या मागच्या चाकापुढे तसेच बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर, डबा बंद. मलाही आत जाववेना. बराच वेळ गेला आणि मी मोजायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी वर पाहिलं नाही, हात हलवला नाही. मी ह्यांच्यासारखं सावकाश मोजलं. एकशे दहाला थांबले.

"टिकलं," मी म्हणाले.

"हात लावला न्हाई म्हून टिकलं," आयुबभाई म्हणाले.

चहा त्यांनी घेतला. बशी मी धरली.

फेब्रुवारीत ते गेले. झोपेतच. आदल्या दिवशी दुकानात बसून त्यांनी एका माणसाचं पंक्चर काढलं होतं, त्याला अर्धा तास लागला होता, हे मी लिहिलेलं आहे. दुकान बंद झालं. आता तिथे मोबाइलच्या काचा बदलून देतात.

जमिलाबींची इद्दत, नवऱ्यामागे घरात राहायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर, जूनच्या शेवटी, त्या माझ्याकडे आल्या. पदरात काड्यांचा डबा होता. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यात काडी, स्पोक, पिन, सगळं पुसून ठेवलेलं होतं.

"भंगारवाला घेत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् मला फेकवत न्हाई."

मी डबा घेतला. त्या पायरीवर बसल्या, मी त्यांच्याशेजारी. समोर दुकानाच्या जागी नवा फलक होता, त्याकडे दोघींनीही बघायचं टाळलं.

"बाई, लोकं काय म्हंत्यात ते मला ठावं हाय. चोर नव्हता, पर कुलपं कच्ची. लेकीच्या सासरीबी तेच म्हणाले. तुमच्या वहीत काय लिवलंय?"

मी आतून कागद आणला आणि वाचून दाखवला. सगळ्या कुलपांचे पहिले आकडे. ब्याण्णव. शहाऐंशी. एकशे चार. आमचं, एकशे दहा. त्या प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या. त्यांना अक्षरओळख नाही, पण आकडे त्यांनी आयुष्यभर ऐकले होते.

"मंग कच्ची नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती. दुकानातून विकली तेव्हा एकही कच्चं नव्हतं. कच्ची असती तर त्यांनी गोणीत टाकली असती."

"हे लोकांस्नी सांगा. तुमाला लिवता येतं."

"सांगते."

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि फाटकाशी जाऊन थांबल्या.

"आन् खालचे आकडे? तेबी हायेत का कागदावर?"

"आहेत," मी म्हणाले. "एकोणीसपर्यंत."

त्यांनी फाटकाची कडी काढली.

"तेबी लिवा," जमिलाबी म्हणाल्या. "त्यांनी ते झाकले नसते."